कायद्याच्या विद्यार्थ्यांना चिंतन शिकवणं आणि त्याला गुण देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीगल एड क्लिनिक (कॉलेजचं मोफत कायदा-सल्ला केंद्र), मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटीचा खटला), इंटर्नशिप, वाटाघाटींचा सराव अशा विषयांना आता बऱ्याच ठिकाणी एखादं ‘रिफ्लेक्टिव्ह जर्नल’, म्हणजे स्वतःच्या कामावर चिंतन करून लिहिलेली वही, जोडलेलं असतं. लिहिणाऱ्याला त्यात काय हवंय ते कळत नाही, तपासणाऱ्याला गुण कशाचे द्यायचे ते कळत नाही आणि शेवटी दोन्हीकडून उरकलं जातं. खालची उत्तरं मुख्यतः शिकवणाऱ्यांसाठी आहेत. विद्यार्थ्यांनी वाचली तर त्यांचाही फायदाच आहे.

चिंतन म्हणजे इथे नेमकं काय अपेक्षित आहे? रोजनिशी?

नाही. दिवसभरात काय काय झालं ही नोंद झाली. चिंतनात एक क्षण निवडायचा आणि त्याच्याकडे पुन्हा बघायचं: मी तेव्हा काय ठरवलं, कशाच्या भरवशावर ठरवलं, त्याचं काय झालं, आणि तसाच प्रसंग पुन्हा आला तर मी काय वेगळं करेन. जॉन ड्यूई यांनी १९१० मध्येच अशा विचाराचं वर्णन केलं होतं: एखादी समजूत कोणत्या आधारावर उभी आहे हे चिकाटीनं तपासणं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या एका पुस्तकात त्यात व्यावसायिकांच्या कामाच्या अंगानं भर घातली. काम चालू असताना होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला वेगळा, असा त्यांनी फरक केला.

वकिलीत हा फरक लगेच पटतो. उलटतपासणीत साक्षीदार अनपेक्षित उत्तर देतो आणि वकील तयार करून आणलेले पुढचे तीन प्रश्न तिथल्या तिथे सोडून देतो. हा पहिला प्रकार. संध्याकाळी ऑफिसात बसून, ‘तो प्रश्न मी विचारायलाच नको होता, मग का विचारला?’ असं स्वतःला विचारणं हा दुसरा. कॉलेजात मुख्यतः दुसराच शिकवता येतो. तो अंगवळणी पडला की पहिल्याला धार येते, अशी अपेक्षा असते.

शॉन यांच्या त्या पुस्तकातली उदाहरणं वास्तुरचना, मानसोपचार, अभियांत्रिकी, नगररचना आणि व्यवस्थापन या क्षेत्रांतली आहेत. वकिलीची नाहीत. ही पद्धत आपल्या विषयात आणताना बरीच जुळवाजुळव आपल्यालाच करावी लागते, ती यामुळेच.

इतर शाखांच्या मानानं कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे जड का जातं?

कारण आपण त्यांना नेमकं उलटं शिकवत आलो आहोत. १८७० नंतर हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी निकालपत्रांवरून कायदा शिकवण्याची पद्धत रुळवली आणि ती इतरत्रही पसरली. अपिलातल्या निकालपत्रात वस्तुस्थिती ठरून गेलेली असते. कोण काय म्हणालं, कोणावर विश्वास ठेवला गेला, कोणता कागद उशिरा सापडला, यातलं काही विद्यार्थ्याला दिसत नाही. त्याच्या हाती पडतात ते फक्त मुद्दे आणि निष्कर्ष. मग एक दिवस त्याच्यासमोर खरा पक्षकार बसतो, निम्मी हकिकत सांगतो, निम्मी विसरतो, आणि या गोंधळात आपणही काहीतरी घडवत किंवा बिघडवत असतो हे विद्यार्थ्याला पहिल्यांदाच लक्षात येतं. कार्नेगी फाउंडेशनच्या २००७ च्या अहवालानं अमेरिकी लॉ स्कूल्सबद्दल साधारण हेच म्हटलं होतं: विश्लेषण उत्तम शिकवतात, प्रत्यक्ष कौशल्यं आणि व्यावसायिक नीती मात्र मागे राहतात.

पण माझ्या मते खरी अडचण याहून खोल आहे. कायद्याचा विद्यार्थी बाजू मांडायला शिकलेला असतो. त्याला ‘स्वतःच्या कामाबद्दल लिही’ म्हटलं की तो स्वतःचं वकीलपत्र घेतो आणि कैफियत, म्हणजे प्रतिवादी कोर्टात देतो तसं बचावाचं लेखी उत्तर, लिहून देतो. विपरीत मुद्दे एक तर नाकारतो, किंवा निरुपद्रवी असतील तेवढे कबूल करतो. ‘वेळेचं नियोजन कमी पडलं’ ही अशी ठरलेली कबुली आहे. तिच्यानं कोणाचं काही बिघडत नाही आणि वाचणाऱ्याला प्रामाणिकपणाचा भास होतो. युक्तिवादाला निष्कर्ष आधी लागतो आणि पुरावा नंतर गोळा होतो. चिंतनात हा क्रम उलटा हवा. ही सवय मोडल्याशिवाय कितीही चौकटी दिल्या तरी त्यांत कैफियतीच भरल्या जातात.

भरीला गुणानुक्रम, चांगल्या फर्ममध्ये जागा मिळवण्याची धडपड आणि चूक कबूल करणं म्हणजे दायित्व स्वीकारणं ही व्यवसायाचीच शिकवण. यांतून सुटून कोणी सरळ लिहिलं तर कौतुक करावं.

कोणती चौकट वापरावी?

जी छोटी असेल ती. गिब्ज यांचं १९८८ चं चक्र सहा पायऱ्यांचं आहे: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती. परिचारिका आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते फार वापरलं जातं. कायद्याच्या विद्यार्थ्याला ते दिलं की सहा मथळे येतात, प्रत्येकाखाली दोन वाक्यं येतात आणि काम संपतं. कोल्ब यांचं १९८४ चं अनुभवाधारित शिक्षणाचं चक्र अभ्यासक्रम आखणाऱ्यासाठी उपयोगी आहे, पण विद्यार्थ्याच्या हातात देण्याजोगं नाही. टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये मांडलेले तीन प्रश्न मात्र चालतात: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. लिहायला सुरुवात करून द्यायला एवढं पुरतं.

मी त्यात एक चौथा प्रश्न घालते: ‘समोरच्या बाजूचा वकील हा प्रसंग कसा सांगेल?’ विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी विचार करण्याची सवय असतेच. ती स्वतःवर वापरायला लावली की कैफियत आपोआप सैल पडते.

वर्गात शिकवायचं कसं? ‘चिंतन करा’ म्हणून कोणी करत नाही.

नमुने दाखवून. एकाच प्रसंगावरचे तीन उतारे समोर ठेवा आणि फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. एक कल्पित प्रसंग घेऊ. क्लिनिकमध्ये एक बाई आल्या आहेत, मालकानं काही महिन्यांचा पगार दिलेला नाही. विद्यार्थ्यानं मुलाखत घेतली. नंतर पर्यवेक्षक शिक्षिकेला कळलं की बाईंनी न वाचता एका कागदावर सही केली होती आणि तो राजीनामा होता.

पहिला उतारा: “आज मी पगार थकल्याच्या प्रकरणात मुलाखत घेतली. पक्षकाराची माहिती फॉर्ममध्ये भरली. वेतनासंबंधीच्या तरतुदी समजावून सांगितल्या. या अनुभवातून मुलाखतीचं कौशल्य शिकायला मिळालं.”

दुसरा उतारा: “राजीनाम्याचं कळल्यावर मला फार वाईट वाटलं. मी नीट ऐकलं नाही. मी चांगला वकील होऊ शकेन का असा प्रश्न पडला. यापुढे मी अधिक संवेदनशील राहीन.”

तिसरा उतारा: “फॉर्मवर पहिला प्रश्न नोकरी कधी लागली हा होता, म्हणून मी तोच आधी विचारला. त्यांना तारीख आठवेना. मी पुन्हा विचारलं. त्यानंतर त्या एकेका शब्दात उत्तरं द्यायला लागल्या. तेव्हा मला वाटलं, त्या काहीतरी लपवत आहेत. आता वाटतं, तारीख सांगता आली नाही म्हणजे आपण खोटे ठरलो असं त्यांना वाटलं असावं. हा माझा अंदाज आहे, मी त्यांना विचारलेलं नाही. सही केलेल्या कागदाबद्दल मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न फॉर्मवर नव्हता आणि फॉर्म संपला की मुलाखत संपली असं मी धरून चाललो होतो. पुढच्या मुलाखतीत सुरुवातीला फॉर्म बंद ठेवून ‘काय झालं ते सांगा’ एवढंच म्हणेन. तारखा शेवटी, कागद बघून भरेन. आणि ‘कशावर सही केली आहे का?’ हे प्रत्येकाला विचारेन.”

वर्गात पहिल्यांदा बरेच जण दुसऱ्या उताऱ्याला चांगले गुण देतात, कारण तो हळवा आहे. तिथे थांबून चर्चा करायची. दुसऱ्या उताऱ्यात पश्चात्ताप आहे, पण त्या खोलीत काय घडलं याचा पत्ता नाही. तिसऱ्यात विद्यार्थ्याला स्वतःचं एक गृहीतक सापडलं आहे (फॉर्म म्हणजे मुलाखत). त्यानं दुसरा अर्थ लावून पाहिला आहे आणि तो अंदाज आहे हेही सांगितलं आहे. पुढची कृती तर अशी आहे की ती केली की नाही हे तपासता येईल. शिवाय कायद्याचा धागाही सुटलेला नाही: राजीनामा आला की पगाराच्या वादाशेजारी नोकरी सोडली की सोडायला लावली हा वेगळाच वाद उभा राहतो, म्हणजे मुलाखतीतल्या त्या एका चुकीनं प्रकरणाची दिशाच चुकली असती.

नमुन्यांनंतर सराव छोटा ठेवा: एक प्रसंग, एक पान, घटनेनंतर एक-दोन दिवसांत. उशीर झाला की आठवण निकालाच्या रंगात बुडते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की शेवट कळल्यावर लोकांना तो आधीच दिसत होता असं वाटू लागतं. खटला हरल्यावर प्रत्येकाला आपली चूक ‘स्पष्ट’ दिसते. म्हणून कामाच्या आधीही दोन ओळी लिहून घ्या: मला काय होईल असं वाटतंय? नंतर ताडून बघायला तेवढाच एक निर्मळ पुरावा उरतो.

‘मी’ लिहिलं तर चालेल का?

‘मी’ शिवाय चालणारच नाही. ‘मुलाखत घेण्यात आली’ हे वाक्य जबाबदारी लपवण्यासाठीच बनलेलं आहे.

कोणत्या वर्षापासून सुरुवात करावी?

ज्या वर्षी विद्यार्थी काहीतरी करून बघतो त्या वर्षापासून. फक्त व्याख्यानं चालू असताना ‘या व्याख्यानातून तुम्ही काय शिकलात’ असं लिहायला लावणं म्हणजे या प्रकाराबद्दल कायमची अढी बसवणं. पहिल्या वर्षी करायचंच असेल तर तपासून परत आलेल्या उत्तरपत्रिकेवर करा: शेरे वाचण्याआधी स्वतःला किती गुण दिले असते, आणि फरक कुठे पडला?

पण मुळात याला गुण द्यावेत का?

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे. गुण नसतील तर विद्यार्थी लिहीत नाहीत. त्यांच्या वेळापत्रकात ज्याला गुण त्यालाच जागा. गुण असतील तर ते परीक्षकाला आवडेल असं लिहितात. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यासमोर कोण मोकळेपणानं बोलणार?

यातून वाट काढायची तर लेखनाचे दोन भाग करावेत. नियमित नोंदींना फक्त ‘केल्या’ किंवा ‘नाही केल्या’ एवढाच शेरा. त्या शिक्षकानं वाचाव्यात, समासात एखादा प्रश्न लिहावा, गुण देऊ नयेत. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यानं स्वतःच्या दोन-तीन नोंदी निवडून त्यांवर एक लेख लिहावा: तेव्हा मला काय वाटत होतं, नंतर काय बदललं, कशामुळे. गुण या लेखाला. कच्च्या नोंदी मोकळ्या राहतात आणि गुण अशा गोष्टीला मिळतात जी विद्यार्थ्यानं विचारपूर्वक पुढे ठेवली आहे. जमलं तर क्लिनिकमध्ये रोज देखरेख करणाऱ्या शिक्षकाऐवजी हा लेख दुसऱ्यानं तपासावा.

विषयाच्या एकूण गुणांत याचा वाटा किती? दहा ते वीस टक्के पुरे. निम्मे गुण चिंतनाला ठेवणाऱ्या अभ्यासक्रमात काम मागे पडतं आणि त्याबद्दल लिहिणं पुढे जातं.

गुण नेमके कशाला द्यायचे?

हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणार्थींच्या लेखनाचे चार प्रकार सांगितले: नुसतं वर्णन, कारणं देणारं वर्णन, स्वतःशी संवाद करत पर्याय तपासणारं लेखन आणि व्यापक सामाजिक संदर्भ लक्षात घेणारं टीकात्मक लेखन. तपासणाऱ्याला दृष्टी यायला ही वर्गवारी चांगली आहे. मात्र तिची शिडी केली आणि सर्वांत वरच्या पायरीला सर्वाधिक गुण ठेवले की प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘न्यायव्यवस्थेतील विषमता’ या विषयावर चार ओळी चिकटवलेल्या येतात. मुलाखतीचा आणि त्यांचा काही संबंध नसतो.

मी तपासताना काही गोष्टी शोधते. प्रसंग इतका नेमका सांगितला आहे का की मला ती खोली दिसावी? लेखकाला स्वतःचं एखादं गृहीतक सापडलं आहे का? प्रसंगाचा दुसरा अर्थ प्रामाणिकपणे लावून पाहिला आहे का? कायदा, वकिलाचं कर्तव्य किंवा व्यवसायाची नीती यांपैकी कशाशी तरी खरा सांधा जुळला आहे का? पुढची कृती ठोस आहे का, आणि मधल्या काळात संधी आली असेल तर ती करून बघितली आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देते. बदललेल्या वागण्याचा पुरावा रचणं सर्वांत अवघड असतं.

गुण कशाला द्यायचे नाहीत हेही आधीच जाहीर करा. भावना किती तीव्र आहेत, चूक किती मोठी आहे, भाषा किती डौलदार आहे, यांना गुण नाहीत. ज्याचं काम उत्तम झालं त्यालाही पूर्ण गुण मिळायला हवेत. नाहीतर विद्यार्थी चुका शोधून नव्हे, बनवून आणतात. उत्तम झालेलं काम का उत्तम झालं हे सांगणं तसं पाहता अधिक कठीण आहे.

दोन परीक्षक असतील तर गुण देण्याआधी चार-पाच लेख एकत्र बसून वाचा. या प्रकारच्या लेखनात परीक्षकांची मतं सहज लांब जातात, आणि कशाला किती गुण याचा निव्वळ तक्ता दिल्यानं ती जवळ येत नाहीत.

विद्यार्थी रचून लिहितात. ओळखायचं कसं?

प्रत्येक वेळी ओळखता येत नाही, आणि सत्यशोधन हे आपलं काम नाही. पण रचलेल्या लेखनात बारकावे नसतात आणि शेवट फार चांगला होतो. शंका आली तर पाच मिनिटं समोर बसवून विचारा: तुम्ही गप्प राहिलात तेव्हा पक्षकार काय करत होता? ज्याला प्रसंग आठवतोय तो लगेच सांगतो.

आणि एआयकडून लिहून घेतलं तर?

‘या अनुभवाने माझ्या व्यावसायिक वाटचालीला नवी दिशा दिली’ छापाची वाक्यं यंत्र उत्तम लिहितं, कारण माणसंही ती वर्षानुवर्षं लिहीत आली आहेत. अशा वाक्यांना आपण गुण देत असू तर गडबड आपल्या तक्त्यात आहे. प्रसंग आपल्या क्लिनिकमधलाच असावा, कामाआधीच्या दोन ओळी हातानं लिहिलेल्या असाव्यात आणि शेवटच्या लेखावर छोटी तोंडी परीक्षा असावी. यापलीकडे पहारा ठेवण्यात अर्थ नाही. एक बाब मात्र ठणकावून सांगा: पक्षकाराची माहिती अशा साधनात टाकणं हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो.

पक्षकाराची गोपनीयता कशी सांभाळायची?

इथे ढिलाई नको. जर्नल हे गृहपाठ असलं तरी त्यातली माहिती पक्षकारानं वकिलावर विश्वास ठेवून दिलेली असते. नाव बदलणं पुरेसं नाही. गाव, व्यवसाय, कुटुंबातली माणसं आणि खटल्याची तारीख एकत्र आली की छोट्या समाजात माणूस लगेच ओळखू येतो. प्रसंग सांगायला जेवढं लागतं तेवढंच लिहायचं. प्रकरण चालू असेल तर त्यातली कमकुवत बाजू, डावपेच, दिलेला सल्ला जर्नलमध्ये येता कामा नये. विद्यार्थ्याचं जर्नल विशेषाधिकाराच्या (वकील-पक्षकारांतलं बोलणं उघड करायला लावता येत नाही, या नियमाच्या) संरक्षणाखाली येतं की नाही हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून आहे. ते येत नाही असं धरून चालावं.

जर्नल कुठे साठवायचं, कोण वाचणार, कधी नष्ट करायचं हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेखी द्या. आणि वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल तर विद्यार्थ्याची परवानगी आधी घ्या.

लेखनातून काही गंभीर बाहेर आलं तर?

दोन प्रकार होतात. विद्यार्थ्याला स्वतःला त्रास होतोय: पक्षकाराची हकिकत ऐकून झोप उडाली आहे, जुनी जखम उघडी पडली आहे. अशा वेळी समासात शेरा लिहू नका. भेटा, आणि समुपदेशनाची सोय असेल तिथे पोहोचवा. तुम्ही समुपदेशक नाही हे लक्षात ठेवा. दुसरा प्रकार म्हणजे लेखनातून गैरवर्तन समोर येतं: कोणीतरी कागद दडवला, पक्षकाराकडून पैसे मागितले. ते वाचल्यावर ‘हे खासगी जर्नल आहे’ असं म्हणून गप्प बसता येत नाही. म्हणूनच जर्नल पूर्ण गुप्त राहील असं वचन कधीही देऊ नका. कोणत्या परिस्थितीत मला पुढे कळवावं लागेल, हे आधी सांगितलं असेल तर विश्वासघाताचा प्रश्न येत नाही.

वर्गात शंभर-दीडशे विद्यार्थी असतील तर?

सगळ्यांचं सगळं वाचू नका. चार-चारचे गट करा, आपसात नोंदी वाचायला द्या आणि वाचणाऱ्याला एकच अधिकार द्या: प्रश्न विचारण्याचा. सल्ला द्यायला बंदी. सल्ला सुरू झाला की लिहिणारा लगेच बचावात जातो. शिक्षकानं दर आठवड्याला काही गटांच्या नोंदी वाचाव्यात आणि पुढच्या तासाला, नावं न घेता, त्यांतली एक-दोन वाक्यं घेऊन बोलावं.

नियामक संस्था याबद्दल काही म्हणतात का?

म्हणतात, पण एकसारखं नाही. अमेरिकन बार असोसिएशनची मानकं प्रत्येक विद्यार्थ्याला किमान सहा क्रेडिटचं अनुभवाधारित शिक्षण सक्तीचं करतात, आणि अशा विषयांत स्वतःच्या मूल्यमापनाची संधी असावी असंही सांगतात. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये एलएल.बी.साठी ठरलेल्या सहा किमान निष्पत्तींपैकी (पदवीधराला काय यायला हवं त्या गोष्टींपैकी) सहावी स्व-व्यवस्थापनाची आहे आणि तिच्यात स्वतःच्या कामगिरीवर चिंतन येतं. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटरांच्या नियामकानं नोव्हेंबर २०१६ पासून वर्षाला सोळा तासांच्या प्रशिक्षणाची अट काढली. त्याऐवजी आपल्याला काय शिकायची गरज आहे हे वकिलानं स्वतः आपल्या कामाकडे बघून ठरवायचं. भारतीय बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या पेपरात डायरीला ३० गुण आहेत, पण ते मुलाखती आणि कागदपत्रांची तयारी पाहून नोंदवण्याचे. नोंदीपुढे चिंतनाचं एक पान जोडायला मात्र तो नियम आडवा येत नाही.

सगळे जण शेवटी ‘पुढच्या वेळी अधिक तयारी करेन’ असंच लिहितात. काय करावं?

त्या वाक्याला शून्य गुण आहेत हे पहिल्याच दिवशी सांगा. मग समासात विचारा: कसली तयारी? कोणता कागद आधी वाचणार, कोणता प्रश्न गाळणार, कोणापाशी सराव करणार? ‘उलटतपासणीच्या आधी साक्षीदाराच्या जबाबातल्या तारखा एका कागदावर क्रमानं मांडेन’ हे उत्तर आलं की पुढच्या मूट कोर्टला तो कागद बघायला मागा.